शनिवारचे ठोके

सोमवार, ४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक कान धरून.

तू चोवीस तास छातीला चिकटवलेलं यंत्र काल तुझ्या भाऊजींबरोबर पोचलं. आज आमच्या विभागात मीच ते वाचलं. अठरा वर्षं लोकांच्या हृदयाचे आलेख बघतेय, पण भावाचा बघताना चष्मा दोनदा पुसला. सोबतची नोंद क्रेनच्या वहीसारखी मिनिटामिनिटाची ठेवलीस, शाब्बास! सकाळी ६.५०ला क्रेनची शिडी चढलास, ठोके अठ्ठ्याण्णव. माल उचलताना शहात्तर. उत्तम. पुढे लिहितोस, रात्री ८ ते ९.३० जेवण, मग झोप. आणि ठोके? एकशे बारा! झोपेतही शंभराच्या वर, आणि पहाटे अकरा मिनिटं ताल पार बिघडलेला.

जेवून कुणाचं हृदय असं धावत नाही रे. मला शेंडी लावू नकोस. किती घेतलीस ते खरं कळव. आलेख डॉक्टरांना दाखवतेच आहे.

काळजीत असलेली,
ताई


गुरुवार, ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., शिडीवरून वाकून जमेल तेवढा.

चार ग्लास. शनिवार होता ना! लपवलं नाही गं, आमच्या वहीत फक्त कामाचंच लिहायची सवय. सुट्टी झाल्यावर काय केलं ते कोण लिहितं? आणि घेतल्यावर मला उलट शांत वाटतं, डोकं टेकलं की झोप. तुझं यंत्रच म्हातारं झालं असेल. तुझ्यासारखं, असं मी म्हणत नाही.

आता कामाचं. येत्या सोमवारी परवाना नवा करायचाय आणि त्याला तुमचा अहवाल लागतो. ती अकरा मिनिटं गाळ. बावीस वर्षांत माझ्या हातून एक पेटी आपटलेली नाही. हवं तर भाऊजींना विचार, खाली उभे राहून मला इशारे तेच करतात. क्रेन गेली तर मी कोण उरतो गं? एवढं कर माझ्यासाठी.

माया आहेच, या वेळी जरा जास्तीची लागेल.
धाकटा


रविवार, १० फेब्रुवारी

चि. धाकट्या,
आशीर्वाद आहेतच, पण आधी हे नीट वाच.

गाळणार नाही. एक मिनिटही नाही. दारूने रक्तवाहिन्या सैलावतात, मग दाब पडू नये म्हणून हृदय धावत सुटतं. तुला वाटते ती शांतता डोक्यातली. छातीत तेव्हा रात्रपाळी चालू असते. त्यातच ताल चुकला. उद्या तू वर केबिनमध्ये असताना चुकला, चक्कर आली, तर? खाली कोण उभं असतं ते तूच लिहिलंयस. तो माझा नवरा आहे रे.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं. महिनाभर थेंबही नाही, मग पुन्हा यंत्र. बहुतेकदा ताल जागेवर येतो, आणि तुझा येणारच, मी खात्रीने सांगते. तोवर आपणहून खाली उतर. साहेबांनी उतरवायची वाट बघू नकोस.

हे पत्र ह्यांच्याच हाती देतेय. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

रागावलेली तरी तुझीच,
ताई


मंगळवार, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., या वेळी जमिनीवरून.

काल परवान्यावर सही करण्याआधीच साहेबांना सगळं सांगून टाकलं. तोंडसुख घेतील असं वाटलं होतं. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि महिनाभरासाठी मला भाऊजींच्या हाताखाली दिलं. शनिवारच्या मंडळींनाही कळवलं, मी आलो तर पाणी पिणार. हसले. हसू देत! मी आता मागे फिरत नाही.

दुपारी वर दुसरी चालक होती. चार टनांची पेटी आमच्या समोर झुलत आली आणि मी भाऊजींच्या आड झालो. बावीस वर्षं ती मी वरूनच बघितली. खालून केवढी दिसते गं!

काम संपल्यावर भाऊजींना चार ग्लास, अकरा मिनिटं, सगळं सांगितलं. मग विचारलं, इतकी वर्षं इथे उभं राहताना भीती नाही वाटली? ते म्हणाले, भीती कशाची, वर तू होतास ना.

ताई, मला त्यांच्याकडे बघवेना.

लोभ राहू दे, मी तो कमावेन.
तुझा,
धाकटा