नाव पुकारलं तेव्हा

युवराजच्या आईस,

तू गेल्यावर तीन महिने मी खाटेवर पडून होतो. युवराजला फोनवर सांगायचो, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते गं.

आम्हा म्हाताऱ्यांचं दोंडाईचा स्टेशनपर्यंतचं सकाळचं फिरणं तुला ठाऊकच आहे. निघताना ज्ञानचंदशेठ हजेरी घेतात आणि जो तो 'हजर' म्हणण्याऐवजी आपल्या बोलीत 'शे' म्हणतो. काल चहापावडर आणायला निघालो, तर धुक्यातून शेठचा आवाज आला, "आधारभाऊ!" माझंच नाव! शेठ म्हणाले, "थांबा जरासं, येतीन." रोजच थांबत होते म्हणे.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "शे!"

मग चाललो. धुकं तुझ्या धुतलेल्या पातळासारखं अंगाला लागत होतं आणि पाय जमिनीवर आहेत की नाहीत, ते कळत नव्हतं.

परतताना रस्त्यावर एकटाच होतो. जन्मभर कधी घेतलं नाही, ते तुझं नाव हळूच पुकारलं, "द्रौपदा."

जरासा थांबलो. मग मीच म्हणालो, "शे."

तुझा,
आधार