गाळ्यात कोणी राहत नाही

बाळ्या,

तुम्ही दोघं कामावर होतात, म्हणून शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन आत आलो. कपाटांना हात लावलेला नाही.

सकाळी मालमत्ता कराचे साहेब दुकानात आले होते. मी एका वहीची बांधणी करत बसलो होतो आणि त्यांची नजर नेमकी पुठ्ठ्यांच्या थप्पीमागच्या खाटेवर गेली. म्हणाले, हा गाळा बिगरनिवासी आहे, इथे माणूस राहतो असं दिसलं तर सील लावावं लागेल. मी म्हटलं, राहतो कुठला, दुपारी जरा पाठ टेकतो, राहायला मुलाकडे आहे. तोंडातून निघून गेलं. त्यांनी लगेच माझा निवासी पत्ता म्हणून तुमचं घर लिहून घेतलं. उद्या नऊ वाजता खात्री करायला येतील.

चार महिन्यांपूर्वी मी या घरातून का निघालो, ते उगाळायला मी आलेलो नाही. सूनबाईला सांग, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. आतल्या खोलीतल्या पलंगावरची खोकी खाली ठेवा आणि बाबा इथेच असतात एवढं म्हणा. तिला खोटं बोललेलं खपत नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे. मग तू बोल.

माझा एक सदरा दारामागच्या खुंटीला लावलाय, जुना चष्मा खिडकीत ठेवलाय आणि दात घासायचा ब्रश तुमच्या दोघांच्या ब्रशांशेजारी पेल्यात उभा केलाय.

साहेब गेले की ब्रश तेवढा दुकानात आणून दे. माझ्याकडे एकच आहे.

बाबा