डिस्टिल्ड वॉटरचा कॅन

ता. ४ जानेवारी

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

एम.एस्सी.ला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री घ्यायचं तूच आईच्या गळी उतरवलंस, तेव्हा आता माझं रडगाणंही तूच ऐक. सरांनी टायट्रेशनसाठी प्रत्येकाला मिठाची पुडी दिली आहे. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं, क्रोमेट घालून पिवळं केलेलं द्रावण विटकरी झालं की थांबायचं आणि पुडीत क्लोराइड किती ते सांगायचं. माझं दर वेळी जास्तच येतं. बाकी अख्ख्या वर्गाचं पहिल्या फटक्यात बरोबर! का नाही येणार? पुडी दर वर्षी तीच, उत्तर मागच्या वर्गाकडून तोंडी मिळतं, आणि ही हुशार मंडळी गणित खालून वर मांडतात. माझी जोडीदारीण रीडिंग ‘घेताना’ नखं रंगवत होती. ब्युरेट कपाटात होती.

सर म्हणाले, उत्तर जुळल्याशिवाय जर्नलवर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षाही नाही. जोडीदारीण म्हणते, तो आकडा लिही आणि सूट एकदाची. मला नाही गं जमत. वर्ष जाईल या धास्तीने जेवण जात नाही.

तुझी भाची

ता. ११ जानेवारी

चि. धांदरटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडणं पुरे. वर्ग लबाड आहे म्हणून तुझं रीडिंग चुकतं, हे गणित कुठल्या पुस्तकातलं? मी त्याच प्रयोगशाळेत हीच पुडी केली. पहिल्या खेपेस दशांशापर्यंत बरोबर! सरांनी मला वर्गापुढे उभं केलं होतं. तुझी आई आल्यागेल्याला अजून ते सांगत असते. आणि तू? द्रावण मोजून घेताना पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढत असशील. तो तिथेच राहू द्यायचा असतो, बाई, तो धरूनच पिपेट बनवतात.

आणि ब्लँक घेतलास का? कुठून घेणार! नुसतं डिस्टिल्ड वॉटर घे, त्यात सिल्व्हर नायट्रेट घाल. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं तर दोष तुझ्या हातांचा. मी माझ्या कॉलेजात पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते.

पथ्यपाणी सांभाळ. माझी माया आहेच, फक्त ती ओरडून येते.

तुझी मावशी

ता. १९ जानेवारी

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. ब्लँक घेतला. पाणी दुधासारखं झालं, म्हणजे पाण्यातच क्लोराइड! आमच्या कॅनवर ‘डिस्टिल्ड’ असं झोकात लिहिलं आहे आणि आत नळाचं पाणी आहे. शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, डिस्टिलेशनचं यंत्र आलं त्याला कनेक्शनच दिलेलं नाही. त्याआधी यंत्रच नव्हतं. कॅन ते पहिल्यापासून नळावरच भरतात. तू त्यांना चांगली आठवतेस.

टेस्टट्यूब घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांचं म्हणणं, छापील पुस्तिकेत ब्लँक शून्य आहे, म्हणजे शून्य. पाणी हे पाणीच असतं म्हणे! असली माणसं आम्हाला अचूकता शिकवणार. मला तिथेच रडू आलं, रागाने.

मावशी, ते तुझे वर्गमित्र आहेत. ब्लँक वजा केलाच पाहिजे, एवढी एक ओळ त्यांना लिही. तुझ्या शब्दाला वजन आहे. सबमिशन महिनाअखेरीला आहे.

एक मात्र कळत नाही. या पाण्यात बरोबर उत्तर कुणालाच येणं शक्य नाही. तुझ्या वेळी नळाला शुद्ध पाणी येत असेल बहुधा.

तुझी भाची

ता. २४ जानेवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इकडे माझा गुडघा पुन्हा बोलू लागला आहे. शेजारणीने गच्चीत कुत्रं आणून ठेवलंय, ते दिवसभर भुंकतं. पेपर तपासायला आले आहेत, एकेकाचं अक्षर म्हणजे मुंग्या फिरल्यात नुसत्या.

तू फार ताणू नकोस. मोठ्यांच्या खोलीत टेस्टट्यूब नाचवणं शोभत नाही. विभागप्रमुखांचा कामाचा व्याप मोठा, त्यांना मी कुठे त्रास देऊ? एका आकड्याने कुणाचं आयुष्य ठरत नाही. लिहून टाक आणि मोकळी हो. सगळेच लिहितात.

आईला नमस्कार सांग. तब्येतीला जप.

मावशी

ता. २ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,
नमस्कार.

पत्र मिळालं. गुडघा कळला, कुत्रं कळलं. पाण्याबद्दल अक्षर नाही, तेही कळलं.

मी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर विकत आणलं. आधी ब्लँक घेतला, स्वच्छ. मग नवी पुडी मागून घेतली आणि सगळ्यांसमोर टायट्रेशन केलं. उत्तर आलं, दशांशापर्यंत. सर खूश झाले, म्हणाले, बघ, मन लावलं की जमतं. सही मिळाली. जोडीदारीण कानात म्हणाली, आलं ना एकदाचं शहाणपण! तिला वाटतं मीही आकडा लिहून टाकला. कॅन अजून नळावरच भरतात.

परीक्षेला बसते आहे. आईला एवढंच कळवलं आहे की उत्तर बरोबर आलं, तुझ्यासारखंच. खरं काय ते तुलाच सांगते. त्या प्रयोगशाळेत हे उत्तर टायट्रेशन करून आजवर एकदाच आलं आहे.

तुझा लोभ ठेव. माझा कमी झाला तरी आटलेला नाही.

तुझी भाची