सायलेन्सरमधली निळी चिंधी

३ नोव्हें., सोम.
हलकं, लवकर येणारं धान कापून झालं. खालच्या बांधीत भारी धान उभं, अजून ओल. आंधळगावहून बायकोला, सुमनला, निरोप आला, बायकांचा शिवणवर्ग पुन्हा सुरू होतोय, शिकवायला याल का. चौदा वर्षांनी. वर्ग दहाला, एसटी अकराला. जेवताना म्हणाली, "कोठ्यातली मोपेड पाहा न जी एकदा. होते का काई."
'पाहतो' म्हटलं. त्या गाडीला काय झालंय ते मला पाहायची गरज नाही. सायलेन्सरमध्ये चिंधी आहे. मीच कोंबली आहे.

४ नोव्हें., मंगळ.
सु. बायकांसोबत भारे बांधायला गेली. मी गुरांच्या कोठ्यात. गाडीवर रिकामी पोती, कोंबडीची पिसं. तारेचा आकडा करून चिंधी ओढली, तुकड्यातुकड्यानं निघाली. शाळेच्या गणवेशाचं निळं कापड. तिच्याच कातरणातलं उचललं होतं तेव्हा. एक बरा तुकडा बियाण्याच्या डब्यात लपवला. का ठेवला माहीत नाही.
नवं पेट्रोल, त्यात तेल, या गाडीला लागतं तसं. स्टँडवर घेऊन पायडल मारले. काही नाही. तेव्हा वाटलं होतं, राग गेला की काढून टाकू, दोन मिनिटांचं काम. आज दोन तास पायडल मारले. मांड्या भरून आल्या.

६ नोव्हें., गुरु.
प्लग काढला. काळाकुट्ट. पॉलिश पेपरनं घासला, हेडला टेकवून पायडल फिरवलं. ठिणगी आहे, निळी. म्हणजे खोट पेट्रोलच्या वाटेत.
कारण लिहून टाकतो. इतकी वर्षं या वहीतही लिहिलं नाही. मोपेड सु.नं स्वतःच्या शिवणकामातून घेतली होती. चालवायची ती, बाजाराला जाताना मी मागे. मला पंपाचं इंजिन खोलता येतं, पण दोन चाकांवर तोल जमत नाही. पानटपरीवर एकानं म्हटलं, "मांगं बसतेस तं डोक्शावर पदर घे न बे." सगळे हसले. मीही हसलो. तिसऱ्या दिवशी चिंधी.
मग मिस्त्रीला दाखवतो म्हणून ट्रॉलीत घालून नेली, मेव्हण्याच्या अंगणात दोन दिवस उभी केली आणि परत आणली. 'इंजिन बसलं. आता नाही होत' म्हणून सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं वर्गावर शिकवायला जाणं सुटलं.

९ नोव्हें., रवि.
कार्बोरेटर खोलला. जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ, डिंकासारखा. पेट्रोल येतं त्या जेटचं भोक बुजलेलं. वायरची एक बारीक तार घालून मोकळं केलं, फुंकलं. अकराच्या सुमारास फट फट करून सुरू झाली. सु. पिठाचे हात घेऊन धावत बाहेर. "आवाज तोच हाये जी!"
दहा सेकंद. मग आवाज आपोआप चढत गेला आणि बंद. पुन्हा तसंच. पुन्हा. चिंधी काढली की झालं, हे गणित चुकलंच माझं. कुठून तरी हवा ओढते. मला कळत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
टू-स्ट्रोक जाणणारा एक म्हातारा मिस्त्री शहापूरला आहे. गाडी मेव्हण्याच्या पिकअपमध्ये टाकून नेली. सु. हट्टानं सोबत आली. मिस्त्रीनं विचारलं, बंद कशी पडली होती? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली,
"मायीच चुकी हाये भाऊ. त्या दिवशी पेट्रोलात तेल टाकाचं मी भुलली असन. मायं ध्यान नाई राहत. म्हून इंजिन बसलं."
मी गाडीची दोरी सोडत होतो. सोडतच राहिलो.
चौदा वर्षं तिनं हे धरून ठेवलं आहे. मला एकदाही म्हणाली नाही. आता आठवतं, तेव्हापासूनच ती कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी मला विचारते. पंपाचं बटन. मिक्सरसुद्धा. मी तो तिचा स्वभाव समजत होतो. चारचौघांत चेष्टाही केली आहे त्यावरून.

१७ नोव्हें., सोम.
एकटाच शहापूरला. इंजिन खोलून ठेवलेलं. मिस्त्रीनं पिस्टन हातात दिला. "पाहा, एक ओरखडा नाई. बिनतेलानं चालली असती तं घासून गेला असता. बाईले सांगजा, तिची काई चुकी नोती."
मग दोन सील दाखवले. रबर कडक, बोटानं दाबलं तर तडकलं. "इथून हवा घेत होती. चालत राहिली असती तं आनखी चालली असती. उभी राहूनच खराब झाली." मग माझ्याकडे पाहून, "पन तवा काहून बंद पडली असन?"
'कोण जाणे' म्हटलं.
घरी आल्यावर सु.नं विचारलं, काय म्हणाला मिस्त्री? 'सील' एवढंच सांगितलं. पिस्टनचं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो. नालायक आहे मी.

२२ नोव्हें., शनि.
गाडी आली. पहिल्याच पायडलला सुरू. सु.नं पदर खोचला, बसली. उतरली. परत बसली. तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आली. चेहरा लाल. "वळवाले भेव वाटते, बाकी जमते." मागे बसा म्हणाली. मी बसलो नाही. लाज आता वेगळी आहे.

२४ नोव्हें., सोम.
वर्गाचा पहिला दिवस. निघायच्या आधी मला अंगणात उभं केलं. खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन बाटलीतल्या पेट्रोलात तेल टाकलं, मोठ्यानं मोजत. एक, दोन, तीन, चार. "तुमी पाहिले न? चार झाले न?"
"झाले."
"बराबर पाहा. मंग मायावर नोको याले."
बाटली हलवली, टाकीत ओतलं, गेली.

२६ नोव्हें., बुध.
आज पुन्हा बाटली भरली. पुन्हा मला हाक. पुन्हा चार. आता हे असंच चालणार, ती मोजणार आणि मी साक्षीदार.

२७ नोव्हें., गुरु.
भारी धानाची कापणी उद्यावर ढकलली. मजूर आले होते, परत पाठवले. सकाळपासून तोंडात वाक्य जुळवतोय, जुळत नाही. नवरा चांगला होता असं तिला वाटतं, ते जाईल. ते गेलंच पाहिजे. पण मग या घरात मी कुठे बसू?
तीन वाजता बियाण्याच्या डब्यातून चिंधी काढली. निळा रंग कडेला अजून दिसतो, बाकी काजळी. तिच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवली, कात्रीवर. आपलं कातरण ती ओळखेल. विचारेल. विचारलं की मग सांगावंच लागेल. दोनदा काढून घेतली, दोनदा परत ठेवली.
वर्ग चारला सुटतो. साडेचार झाले. पाळीवरून मोपेडचा आवाज येतोय.