गेलो नाही

११ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. पहिला कागद फाडला, हा दुसरा. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? मी बरी आहे.

ग्रंथालयात एक नवं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मानसशास्त्राच्या बाईंनी दाराशी पेटी ठेवली आहे. कॉलेजातल्या कुणीही मनातलं लिहून, नाव न घालता, तिच्यात टाकायचं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी ते टाइप करते आणि फलकावर लावते. मुलं उभ्याउभ्या वाचतात. एकमेकांशी जरा जपून बोलायला लागली आहेत, हे खरं. एक मुलगी म्हणाली, "मला वाटायचं, रडणारी मी एकटीच."

गंमत झाली ती एका चिठ्ठीची. कुणा पुरुषाची. आई शेवटच्या दुखण्यात होती आणि रजा मिळत नाही असं त्याने घरी कळवलं. रजा मागितलीच नव्हती. 'सतरा दिवस रोज कामावर आलो. घरी गेलो नाही.' एवढंच शेवटी.

मुलांनी ठरवून टाकलं, ही आमच्या वायरमनची. तो कमी बोलतो, डबा एकटा खातो; आणखी काय पुरावा हवा? त्याला रोज कुणी ना कुणी चहा आणून देऊ लागलं. एकीने "काका, चुका सगळ्यांच्याच होतात" असंही सांगितलं. तो माझ्या टेबलाशी आला.

"बाई, यांना समजवा हो. माझी आई ठणठणीत आहे. कालच माझी खरडपट्टी काढली तिने."

मी हसले. जाता जाता तो म्हणाला, "ज्याची आहे त्याला मात्र चहा कुणी विचारत नसेल."

त्यानंतर मी बराच वेळ रजिस्टर उघडून बसले.

ताई, मुळात तिथे 'आले' आणि 'गेले नाही' असं होतं. टाइप करताना मी दोन्हीकडे 'ले'ला काना दिला आणि सुटले.

साहेबांना मी रजा विचारलीच नव्हती. विचारली असती तर मिळाली असती. आईचं कण्हणं फोनवर ऐकलं होतं. ते खोलीत बसून ऐकायचा धीर मला नव्हता. तू तिची कूस बदलत होतीस, मी इथे पुस्तकांवर शिक्के मारत होते.

नऊ वर्षं तू सगळ्यांना सांगतेस, "तिला रजाच दिली नाही हो मेल्यांनी." मागच्या महिन्यात मामींना सांगितलंस तेव्हा मी शेजारीच होते. पाणी पीत राहिले.

माफ कर असं म्हणत नाही. यापुढे माझी बाजू घेऊ नकोस, एवढंच.

न आलेली,
तुझी धाकटी

ता. क. १२ ऑगस्ट, सकाळ. कॉलेज उघडताच वायरमनला सांगितलं, ती चिठ्ठी माझी. तो शिडीवर होता. खाली उतरला.

"घरी माहीत आहे?"

"ताईला पत्र लिहिलंय. पर्समध्ये आहे."

"मग आधी टाकून या."

पोस्टात उभी आहे. पाकीट उघडं होतं म्हणून हे लिहिता आलं. आता चिकटवते.