मोटार लावायच्या आधी

आवं,

उठल्या उठल्या तुमचा हात मोबाईलवर जातो, म्हणून चिठ्ठी त्याच्यावरच ठेवलीय. आधी ही वाचा. शेतात लाईट आल्याचा मेसेज आला असंल, पण इथनं मोबाईलवर कितीबी बटण दाबा, विहिरीवरची मोटार सुरू व्हायची न्हाई. पेटीतला फ्यूज मी काढून घेतलाय.

काल तुमी रात्रपाळीवरनं आला, अंथरुणात पडूनच मोबाईलवरनं मोटार चालू केली आन् झोपला. तवा आपली संयोगिता विहिरीत होती. सुट्टी लागल्यापासनं मामंजी तिला पाठीला तरंगायला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवत्यात. दमली म्हणून ती मोटारीच्या पायपाला धरून थांबलेली. पायपानं हिसका मारला, तिचा हात सुटला, डबा निसटला. मामंजींनी केसाला धरून वर काढली. घरी येईस्तवर पोरीनं त्यांचा हात सोडला न्हाई.

मामंजी म्हणाले, "त्याला सांगू नको, दमून येतंय पोरगं." मी सांगतीय.

आज पाण्यात गेली न्हाई तर कायमची भ्यायची, म्हणून ते तिला परत घेऊन गेलेत. मीबी तिथंच हाय.

चहा पातेल्यात हाय, गरम करून घ्या. उसाला पाणी द्यायचं असलं तर फ्यूज न्यायला विहिरीवर चालत या. मोटार लावायच्या आधी मामंजी अजून विहिरीत वाकून हाळी देत्यात. तुमीबी द्या. आतनं तुमची पोरगी ओ देईल.