माझ्या जागी बस

६ एप्रिल, रविवार

आजपासून मी मुंबईकर. अमरावतीहून निघताना आई म्हणाली होती, रोज लिहीत जा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. म्हणून ही वही.

डिलाईल रोडवरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. एक मोरी, एक पोटमाळा, एक खिडकी आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. तसबिरीला ताजा हार घालायचं काम माझं, हे घरमालकीण कमलाबाईंनी भाडं सांगण्याआधी सांगितलं. त्या शेजारच्याच खोलीत राहतात. सत्तरी ओलांडलीय, पण आवाज असा की तळमजल्यावरचा माणूस दचकून वर बघतो. मी मावशी म्हणायला लागलो, त्यांनी लगेच जेवायला बसवलं. सुक्या बोंबलांनी डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने आलं असं मी त्यांना सांगितलं.

नोकरी अशी: एका कंपनीच्या माणसांचे लॅपटॉप बिघडले की ते मला कळवतात आणि मी घरबसल्या दुरुस्त करतो. कंपनीची काचेची इमारत माझ्या गॅलरीतून दिसते. चालत गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचेन. पण मी कंत्राटी, मला तिथे खुर्ची नाही. खुर्च्या कायम लोकांना. मे महिन्यात मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. आईने कायम झाल्याचं गल्लीभर आधीच सांगून टाकलंय. आता झालंच पाहिजे.

९ एप्रिल, बुधवार

कंपनीने सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवं अपडेट सोडलं आणि दोन रोग एकदम आले. झाकण बंद केलं तरी यंत्र झोपत नाही, आत पंखा घरघरत राहतो. आणि उघडलं की वायफायचं चिन्हच गायब. सकाळपासून तक्रारींचा पाऊस. मी प्रत्येकाला सांगतो: पॉवरच्या सेटिंगमध्ये जा, झाकण बंद केल्यावर स्लीप निवडा, मग वायफायच्या खात्यात ‘वीज वाचवायला हे बंद करू दे’ ही खूण काढा, जुना ड्रायव्हर परत घाला. सगळ्यांचे चालू झाले. माझा एकट्याचा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे गमतीत घेण्यासारखं नाही. नावापुढे हिरवा ठिपका असला की माणूस कामावर. वायफाय गेलं की ठिपका राखाडी. कायम कुणाला करायचं ते ठिपका बघून ठरतं. आमची टीम लीड ऋग्वेदा फार गोड बोलते, गिरगावातल्या जुन्या घरातली आहे, कधी आवाज चढवत नाही. आज गोड आवाजातच म्हणाली, की सम्यक, तुझा ठिपका सारखा राखाडी दिसतोय. तुझ्याकडच्या भागात नेटवर्कचा प्रश्न असतो का? तुझ्याकडच्या भागात! तिच्या खुर्चीतून माझी खिडकी दिसत असेल.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती. कंत्राटी लोकांना सुटी नाही, कंपनीच्या परदेशातल्या ग्राहकाला चौदा एप्रिल माहीत नाही म्हणे. जन्मात पहिल्यांदा मुंबईत आहे आणि चैत्यभूमीला जायचं नाही. मावशींपुढे मन मोकळं केलं. त्या हसल्या. म्हणाल्या, गिरणीत आमच्या माणसांना तरी कुठे सुटी होती? ते बदली बसवून जायचे.

बदली म्हणजे बदली कामगार. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या गेटावर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला तर त्या जागी आत घेणार, नाहीतर डबा घेऊन परत. मावशींचे धाकटे दीर राघू उभा जन्म बदलीच राहिले. माझ्याच खोलीत राहायचे. संपानंतर गिरणीला टाळं लागलं तरी माणूस रोज डबा घेऊन गेटावर जायचा. याच खोलीत गेले, पायांत चपला तशाच. सुटीवर जाणाऱ्याची जागा सांभाळायची या चाळीत एक रीत होती: जाणाऱ्याने बदलीला अर्धा कप चहा द्यायचा आणि म्हणायचं, माझ्या जागी बस. परत आल्यावर उरलेला अर्धा दोघांनी मिळून प्यायचा, मग बदली उठायचा.

ऐकून वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर जरा गंमतही वाटली.

१४ एप्रिल, सोमवार

गेलो! जे होईल ते होवो म्हणून गेलो. निघताना लॅपटॉपशेजारी अर्धा कप चहा ठेवला, झाकण लावलं आणि मोठ्याने म्हणालो, राघूकाका, माझ्या जागी बस. स्वतःशीच हसत जिना उतरलो.

दादरला निळा समुद्र होता नुसता. पुस्तकं घेतली, ओळखीपाळखी नसलेल्या लोकांच्या पंगतीत जेवलो. संध्याकाळी जीव मुठीत धरून परतलो. कप रिकामा. दिवसभराच्या सगळ्या तक्रारी सुटलेल्या, माझ्या नावाने. ठिपका दिवसभर हिरवा. ऋग्वेदाने शाबासकी पाठवली होती.

काहीतरी आपोआप चालणारं कंपनीने बसवलं असेल, असं मनाला सांगितलं. मनाने ऐकलंही. फुकटची शाबासकी कोण परत करतो?

२५ एप्रिल, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, पण मला सवय लागलीय. दुपारी डोळा लागला की अर्धा कप. सिनेमाला जायचं की अर्धा कप. मी बसलो की वायफाय तुटतं, तो बसला की दोरीसारखं घट्ट. कालच्या बैठकीत माझा आवाज फार आत्मविश्वासाचा वाटला, असं ऋग्वेदा म्हणाली. काल बैठकीच्या वेळी मी भायखळ्याच्या बागेत भेळ खात होतो.

भीती वाटली. पण भीतीपेक्षा मोठं काय वाटलं, तर आता कायम होणार.

३ मे, शनिवार

लॅपटॉपचा रोग अखेर सापडला. अपडेटने स्लीपची जुनी पद्धत काढून नवी घातली होती, तिच्यात यंत्र अर्धवट जागं राहतं. जुनी परत आणली. आता झाकण लावलं की गाढ झोपतं, उघडलं की लख्ख जागं होतं आणि वायफाय तत्काळ. बदलीची गरज संपली. माझं काम मी करेन. फार बरं वाटतंय.

६ मे, मंगळवार

काल सकाळी झाकण उघडलं. मग काही आठवत नाही. संध्याकाळी भानावर आलो तेव्हा माझाच हात झाकण लावत होता. आजही तेच. कामं सगळी झालेली, एक अक्षरही चुकलेलं नाही.

दिवसभर खुर्चीत बसूनही पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. तळपाय सुजलेत. दिवसभर उभा असल्यासारखे.

८ मे, गुरुवार

थोडं आठवायला लागलंय. ऊन. लोखंडी गेट. आजूबाजूला माणसं, कुणी कुणाशी बोलत नाही. आतून कुणीतरी नावं पुकारतो. सगळे माना वर करतात. माझं नाव नसतं.

मावशींना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी एवढ्या वेळा चहा दिला, पण परत आल्यावर उरलेला अर्धा एकदाही प्यायलो नव्हतो. बदलीला उठवलाच नव्हता. रीत पुरी ऐकूनही मी अर्धीच पाळली. फुकटात मिळत होतं ना सगळं.

९ मे, शुक्रवार

सकाळी झाकण न उघडता चहा केला. अर्धा बशीत ओतला, म्हणालो, काका, मी आलो, आता उठा. माझा अर्धा प्यायलो. बशी तशीच. साय धरली. कुणी शिवलं नाही.

मग बंद लॅपटॉपचा पंखा फिरला. झाकण माझ्याच हाताने उचललं. संध्याकाळी भानावर आलो तर पडद्यावर एकच ओळ होती: “गेटावर लई उभा राहिलो. आता बसलोय.”

मला राग यायला हवा होता. आलाही. पण कुणाचा, ते कळेना.

१० मे, शनिवार

लॅपटॉप पिशवीत घालून चिंचपोकळीला स्वप्नीलकडे गेलो. कॉलेजचा मित्र, लॅपटॉपदुरुस्तीचं दुकान आहे. उघडू नकोस, उलटा कर आणि बॅटरी काढ, एवढंच बजावलं. त्याने आधी बघू तरी म्हणून झाकण वर केलं.

भानावर आलो तो खोलीत. स्वप्नीलला फोन केला. म्हणाला, तू फार मजेत होतास, दोन चहा झाले, गिरणीतले किस्से सांगितलेस आणि लॅपटॉप एकदम बरा आहे म्हणून घेऊन गेलास.

गिरणीतले किस्से.

फोडून टाकता आला असता. हातोडी मावशींकडे आहे. पण नोकरीचा निकाल सोमवारी. दोन दिवस थांबलो तर काय बिघडेल, असं मनात आलं. वाटोळं होताना माणूस असाच हिशेब करतो.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. मावशींची खीर बाहेर ठेवलेली, माशा बसलेल्या. कुणी दार उघडलं नाही म्हणाल्या.

कायम झालो. पत्र आलंय. ऋग्वेदाने लिहिलंय की अशी निष्ठा हल्ली दिसत नाही. आईचा फोन येऊन गेला होता. मी तिच्याशी बोललो म्हणे. ती आनंदाने रडली. कुणाशी बोललीस गं आई —

काचेच्या इमारतीत खुर्ची मिळणार. गिरणी जिथे होती तिथेच. राघूकाका शेवटी आत गेले. चांगलं झालं, असं क्षणभर खरंच वाटलं. मग पाय दुखायला लागले.

१३ मे

हातोडी आणली. उचलली की हात खाली येत नाही. मावशींना म्हटलं, तुम्ही मारा. त्या म्हणाल्या, राघूला कसं मारू रे, पहिल्यांदा कायम झालाय तो. आणि रडायला लागल्या. माझ्यासाठी नाही.

१४ मे

झाकण बंद असतं तेवढाच मी. आज फार थोडा मिळालो.

गेटावर गर्दी वाढलीय. सगळी तरुण पोरं. गळ्यात ओळखपत्रं, त्यांच्यावर नाव नाही. एकाला विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, बोलू नको, नाव पुकारतील —

१५ मे

पडद्यावर सूचना आहे. कायम कर्मचाऱ्यांसाठी नवं अपडेट. आज रात्रीपासून त्यांचे लॅपटॉप झोपणार नाहीत. स्लीप कायमचं बंद. झाकण लावलं तरी जागे.

म्हणजे मी —

राउटर उपटला. वायर कापली. तरी वायफाय पूर्ण. जन्मात इतकं पूर्ण नव्हतं.

आई, जो फोनवर बोलेल तो मी नाही. त्याला विचार, लहानपणी मला — नाही, त्याला सगळं माहीत असेल. आई, ये. मी गेटावर आहे. नाव घेऊन हाक मार, मोठ्याने, नुसतं सम्यक नको, पूर्ण —

अपडेट होतंय. पंखा सुरू झाला. झाकणावर माझा हात आहे, मी ठेवला नाही. दुसऱ्या हाताने लिहितोय. आई, माझं पूर्ण नाव सम्यक भीम